सूत, सुंभ आणि समुद्र : कोल्हापूर ते मालवण, एका दिवसाची वाट

कोल्हापूर हे घाटमाथ्यावरचे शहर असले, तरी समुद्राशी त्याचा संबंध केवळ सुट्टीतल्या सहलीपुरता कधीच नव्हता. अठराव्या शतकात मालवणचे बंदर आणि त्याच्या समोरच्या खडकावरचा सिंधुदुर्ग हे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या राज्याचे भाग होते आणि कोल्हापूरकरांचे आरमार याच किनाऱ्यावर नांदत होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, परंतु पुढच्याच वर्षी त्यांना तो परत करावा लागला. अखेर १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने मालवण बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे सारे कोल्हापूरच्या हातून गेले. राज्याची सीमा अशी समुद्रापासून मागे हटली, पण व्यापाराची वाट मात्र तशीच राहिली. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ मध्ये, आणि तोपर्यंत मुंबईशी होणारी मालाची ने-आण बव्हंशी राजापूर, खारेपाटण, वेंगुर्ले या बंदरांतून आणि त्यांना घाटमाथ्याशी जोडणाऱ्या अणुस्कुरा, फोंडा, आंबोली अशा घाटवाटांनीच होत असे.

या वाटेने खाली गूळ, तंबाखू आणि धान्य जाई, तर वर मीठ, खोबरे, सुकी मासळी, काथ्याचे दोर आणि सूत येई. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. त्याआधी विलायती आणि त्यानंतर विलायतीबरोबर मुंबईच्या गिरण्यांचे सूत गलबतात भरून कोकणातल्या बंदरात उतरवले जाई आणि बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून घाट चढून देशावरच्या हातमागांपर्यंत पोहोचे. म्हणून समुद्रावरची होडीची फेरी आणि सुताची खरेदी या दोन गोष्टी एकाच दिवसात साधण्याचा बेत वरवर पाहता विजोड वाटला, तरी कोल्हापूरच्या बाबतीत तो अगदी रास्त आहे. किंबहुना नौका आणि सूत यांचे नाते इतके घट्ट आहे, की एकीकडे पाहिल्याशिवाय दुसऱ्याचे मर्म कळत नाही. सूत पाण्यात कसे वागते हे ज्याने पाहिले, त्यालाच कोणते सूत कशासाठी घ्यावे हे नेमके सांगता येते.

अशा सहलीची आखणी करताना एक भौगोलिक अडचण प्रथम ध्यानात घ्यावी लागते. कोल्हापूरच्या सुती सुताचा खरा बाजार शहराच्या पूर्वेला, पाऊण-एक तासाच्या अंतरावर असलेल्या इचलकरंजीत आहे, आणि समुद्र मात्र नेमका उलट दिशेला आहे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी सुरू केला आणि संस्थानाधिपती नारायणराव घोरपडे यांच्या उत्तेजनामुळे तो धंदा तिथे रुजला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली, ती याच सुमाराची. शाहू मिल आता बंद आहे, इचलकरंजीचे माग मात्र चालू आहेत आणि त्यांना लागणारे सूत विकणारे व्यापारी, त्या सुताला खळ देणारे सायझिंगचे कारखाने आणि कांड्या भरणाऱ्या स्त्रिया यांच्यावर त्या शहराचे अर्थकारण उभे आहे. एका दिवसात इचलकरंजी आणि मालवण ही दोन्ही टोके गाठण्याचा अट्टहास धरू नये. सुती सूत आदल्या दिवशी सवडीने पाहावे आणि सहलीचा दिवस समुद्राला व समुद्राकाठच्या सुताला, म्हणजे सुंभाला द्यावा, हे उत्तम.

सुती सुताची ओळख करून घेताना पहिला प्रश्न येतो तो नंबराचा, ज्याला व्यापारी ‘काउंट’ म्हणतात. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम सुतात ८४० वारांच्या जितक्या लड्या भरतील, तितका त्या सुताचा नंबर असतो. साहजिकच नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. वीस नंबरचे सूत जाडसर, चाळीसचे मध्यम आणि ऐंशी किंवा शंभराचे तलम समजले जाते. हा हिशेब कागदावर रुक्ष वाटतो, परंतु तो रस्त्यावर मांडला की त्याची गंमत कळते : चाळीस नंबरचे एक किलो सूत पूर्ण उलगडले तर ते सुमारे ६८ किलोमीटर लांब भरेल, म्हणजे कोल्हापूर ते मालवण हे राधानगरी-फोंडाघाटमार्गे सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर जोडायला असे सव्वादोन किलो सूत पुरेल. कापसाचा एकेक तंतू तर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो. इतके आखूड तंतू इतक्या दूरवर एकमेकांना धरून राहतात ते कोणत्याही गोंदाने नव्हे, तर केवळ पिळाने. पीळ दिल्यामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्यातले घर्षण वाढते आणि सूत ओढले की ते सुटण्याऐवजी अधिकच आवळते. कोनावरच्या एकेरी सुताची वीतभर तार दोन चिमटींत धरून पिळाच्या उलट दिशेने फिरवली, तर काही वेढ्यांतच ती भुसभुशीत होते आणि हलक्या ओढीनेही तंतू वेगळे होऊन हातात येतात. सुताची परीक्षा शिकण्याचा याहून सोपा धडा नाही.

कोल्हापूरहून पहाटे निघून भोगावतीच्या खोऱ्याने राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट अशी वाट धरली, तर ऊन चढण्यापूर्वी मालवण गाठता येते. राधानगरीचे धरण हे शाहू महाराजांच्या दूरदृष्टीचे काम, आणि त्यापुढचे दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. याच डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात गुराख्यांच्या आणि धनगरांच्या डोक्यावर जी घोंगड्याची खोळ दिसते, ती सुताचा दुसरा प्रकार, म्हणजे लोकर, पाण्याशी कसा वागतो हे दाखवते. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि बहुधा काळी असते. ती चरख्यावर स्त्रिया कातायच्या, चिंचोक्याची खळ देऊन ताणा कडक केला जायचा आणि मग खड्ड्याच्या मागावर घोंगडे विणले जायचे. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीसारख्या धनगरी परंपरेच्या गावांनी हे काम जपले, पण आता ते थोड्या हातांवर आले आहे. लोकरीच्या तंतूचा पृष्ठभाग पाणी झटकतो, तर त्याचा गाभा आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के इतकी वाफ शोषूनही बाहेरून ओला लागत नाही, आणि वाफ शोषताना त्यातून थोडी उष्णताही बाहेर पडते. घाटातल्या झिमझिम पावसात घोंगडे ऊबदार राहते ते यामुळे. बाजारात ‘लोकर’ या नावाने विणकामासाठी जे रंगीत गुंडे मिळतात, त्यांतला फार मोठा भाग अॅक्रिलिक या कृत्रिम तंतूचा असतो, हे घेणाऱ्याने विसरू नये.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या पंधरा-वीस मिनिटांत किल्ल्याला लागतात. अंतर थोडे असले तरी वाटेत बुडालेले व अर्धवट दिसणारे खडक इतके आहेत, की वाट माहीत असलेला नावाडीच होडी सुखरूप नेऊ शकतो; कुरटे बेटाची किल्ल्यासाठी निवड झाली, तिचे एक कारण हेच नैसर्गिक संरक्षण होते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांच्या उपस्थितीत पायाभरणी झाली, बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकर यांच्याकडे होती, आणि तीनेक वर्षांत सुमारे तीन किलोमीटर लांबीचा वळणावळणाचा तट उभा राहिला. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. कोल्हापूरच्या वाचकाला या तटावर उभे राहून एक गोष्ट विशेष जाणवावी : १८१२ पर्यंत या बुरुजांवरचा झेंडा त्याच्याच राज्याचा होता.

होडीची फेरी समुद्राच्या मर्जीने चालते. जूनच्या सुमारास पावसाळी वारे सुरू झाले की किल्ल्याकडची वाहतूक बंद होते आणि पाऊस ओसरल्यावरच पुन्हा सुरू होते. मासेमारीवरही १ जून ते ३१ जुलै अशी शासनाची बंदी असते. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोनदा येते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्यात कुणाला सोयीची ठरलेली वेळ या आठवड्यात तशीच असेल असे नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती यांतला फरक धक्क्यावरचा कोणताही नावाडी समजावून सांगतो. जीवरक्षक जाकीट अंगावर घातल्याखेरीज होडीत पाऊल ठेवू नये, याबाबत भीड बाळगण्याचे कारण नाही.

होडी धक्क्याला बांधली जाते त्या दोराकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, परंतु या सहलीचे खरे सूत्र तिथेच आहे. आज बहुतेक ठिकाणी हा दोर प्लास्टिकचा असतो; एके काळी तो सुंभाचा, म्हणजे काथ्याच्या सुतापासून वळलेला असे. नारळाचे सोडण खाडीच्या मचूळ पाण्यात कित्येक महिने कुजत ठेवले, की तंतूंना बांधून ठेवणारे पेक्टिनसारखे पदार्थ जिवाणू खाऊन टाकतात आणि मग सोडण ठेचून काथ्या मोकळा करता येतो. हिरव्या नारळाच्या कुजवलेल्या सोडणाचा काथ्या फिकट आणि मऊ, तर पक्क्या सुक्या सोडणाचा तपकिरी आणि राठ असतो. कापसाच्या तंतूत नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते आणि पाण्यातल्या जिवाणूंना ते पचवता येते. काथ्यात मात्र चाळीस टक्क्यांहून अधिक लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारे द्रव्य असते, आणि ते सहजी कुजत नाही. म्हणून सुंभ खाऱ्या पाण्यात टिकतो. तो पाण्यावर तरंगतो, आणि लाटेचा हिसका बसला की थोडा ताणून पुन्हा मूळ लांबीवर येतो, त्यामुळे नांगरलेल्या गलबताला तुटक धक्के बसत नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण प्रत्येक मराठी घरात बोलली जाते. तिच्यामागचे शास्त्र सुंभाचा एक हातभर तुकडा उलगडून पाहिल्याशिवाय पुरते कळत नाही.

असा तुकडा उलगडला की त्यात काथ्याचे दोन पदर दिसतात. प्रत्येक पदर एका दिशेने पिळलेला असतो आणि ते दोन्ही पदर एकमेकांभोवती मात्र उलट दिशेने वळलेले असतात. प्रत्येक पदर स्वतः सुटू पाहतो, पण सुटताना तो ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने दोरीचा वळ अधिक आवळतो. दोन्हींची सुटण्याची ओढ एकमेकींना अडवते आणि दोरी आपली आपण घट्ट राहते. इचलकरंजीच्या दुहेरी सुतात, घोंगड्याच्या काठाच्या पिळात आणि मालवणच्या सुंभात हे एकच तत्त्व वावरते. हाताने सुंभ वळणारी बाई मांडीवर तळहात पुढे-मागे फिरवून हे उलटसुलट पीळ एका लयीत देते, आणि त्या कामाला किती सराव लागतो हे स्वतः करून पाहणाऱ्याला लगेच समजते.

याच सुंभावर हिंदी महासागरातला जुना व्यापार तरला होता, हे सांगितले तर अतिशयोक्ती वाटू नये. अरबी समुद्रातली जुनी जहाजे लोखंडी खिळ्यांनी जोडलेली नसत. फळ्यांच्या कडांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत, आणि मार्को पोलो व इब्न बतूता या दोघाही प्रवाशांनी त्यांची नोंद केली आहे. अलीकडे याच पद्धतीने बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. त्याच्या आराखड्याचा आधार अजिंठ्याच्या लेण्यातले पाचव्या शतकाच्या सुमाराचे जहाजाचे चित्र हा आहे, आणि गोव्यात केरळी कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनेच शिवल्या. कारवार कोल्हापूरपासून फार दूर नाही आणि अजिंठा तर महाराष्ट्रातच आहे. मराठी वाचकाने या जहाजाकडे आपुलकीने पाहावे याला ही दोन कारणे पुरेशी आहेत.

सुंभाइतकेच महत्त्वाचे जाळ्याचे सूत. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हा अर्धवर्तुळात पसरलेले लांबलचक जाळे दोन्ही टोकांच्या दोरांनी अनेक माणसे मिळून किनाऱ्यावर आणतात. पूर्वी ही जाळी सुती किंवा तागाच्या सुताची असत आणि ती कुजू नयेत म्हणून ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात पुनःपुन्हा बुडवून वाळवावी लागत. सालीतले टॅनिन जिवाणूंना रोखून धरी. नायलॉनचा शोध १९३५ मध्ये लागला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची जाळी कोकणात सर्वत्र आली, तसे हे सालीचे काम संपले. नायलॉनचे माप नंबराने नव्हे, तर ‘डेनियर’ने करतात, म्हणजे ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधले वजन, इथे आकडा वाढला की धागा जाड होतो, सुती सुताच्या नेमके उलट. कोळ्यांचे श्रम नायलॉनने नक्कीच वाचवले. पण तुटून समुद्रात राहिलेले नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे कुजत नाही आणि त्यात कासवे अडकतात, ही हानी त्या सोयीच्या हिशेबात धरलीच पाहिजे.

जाळ्याच्या प्रत्येक डोळ्याची गाठ बारकाईने पाहण्यासारखी असते. एका धाग्याचा वेढा केलेला असतो. दुसरा धागा त्या वेढ्यातून वर येतो, त्याच्या दोन्ही पदरांमागून फिरतो आणि स्वतःच्याच खालून बाहेर पडतो. ताण पडला की ही गाठ घट्ट होते, आणि तिचा फुगवटा लहान राहतो. इचलकरंजीत मागावरची तार तुटली, की कामगार क्षणार्धात जी गाठ मारून ती सांधतो, तिची रचना हुबेहूब हीच असते; लहान फुगवट्यामुळेच ती वही-फणीतून, म्हणजे ताण्याच्या तारा वरखाली करणाऱ्या दोऱ्यांतून आणि बाणा ठोकणाऱ्या कंगव्यातून, न अडकता पार होते. घाटाच्या वरचा विणकर आणि घाटाखालचा रापणकर एकमेकांना न भेटता एकाच गाठीवर येऊन पोहोचले आहेत. सहलीत पाहण्याजोग्या सगळ्या गोष्टींत ही गाठ सर्वांत मोलाची आहे, आणि ती पाहायला तिकीट लागत नाही. दुपारी किनाऱ्यावर जाळे दुरुस्त करत बसलेल्या माणसाला नम्रपणे विनंती केली की पुरे.

खरेदीचा भाग दुपारनंतर. मालवणच्या बाजारपेठेत सुंभाची वेटोळी, पायपुसणी आणि काथ्याच्या इतर वस्तू मिळतात. हाताशी वेळ असेल तर सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या वेंगुर्ल्याला जावे, कारण तिथे स्त्रियांच्या सहकारी संस्थेने काथ्याच्या उद्योगाला नवे बळ दिले आहे, आणि परतीसाठी आंबोली घाट व आजरा ही वाट सोयीची पडते. क्रोशाचे तोरण किंवा रुखवताचे रुमाल करणाऱ्यांनी सुती धागा घेताना संपूर्ण कामाला पुरेल इतका एकदमच घ्यावा आणि गुंड्यावरचा लॉट क्रमांक एकच असल्याची खात्री करावी. रंग एकाच नावाचा असला, तरी दोन वेगळ्या घाण्यांत रंगवलेल्या सुताच्या छटेत फरक पडतो आणि तो अर्धे तोरण झाल्यावर लक्षात येतो. तंतूची खात्री पटत नसेल, तर दुकानदाराच्या परवानगीने दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरून पेटवून पाहावा. सुती धागा झरझर जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ती ज्योत काढली की आपोआप विझते आणि बोटांनी चुरडली जाणारी काळी गोळी मागे ठेवते. नायलॉन, पॉलिएस्टर व अॅक्रिलिक वितळून आक्रसतात आणि गार झाल्यावर त्यांचा टणक मणी होतो. काथ्या पेटण्यापेक्षा धुमसतो.

किमतीच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हातकताईची लोकर आणि हाताने वळलेला सुंभ हे अॅक्रिलिकच्या गुंड्याशी आणि प्लास्टिकच्या दोरीशी भावात कधीच बरोबरी करू शकणार नाहीत, कारण त्यांच्या किमतीचा मोठा भाग स्त्रियांच्या मजुरीचा आहे. त्या मजुरीवर घासाघीस करणे उचित नाही. वस्तूची परीक्षा मात्र अवश्य करावी : सुंभाचा पीळ सर्वत्र सारखा आहे ना, दोन्ही पदर सारख्या जाडीचे आहेत ना, मध्येच पोकळ किंवा भुसभुशीत जागा नाही ना, हे वेटोळे दोन-तीन ठिकाणी हाताळून पाहावे. सुंभ बहुधा वजनावर विकला जातो आणि काथ्या ओलावा धरून ठेवतो, म्हणून तो कोरडा असल्याची खात्री करूनच तोलून घ्यावा.